मोगरी वाजेपर्यंत

मामंजींनी त्या सकाळी दारू मुठीने ओतली, तेव्हा मला कळलं की माणूस आतून पार खचलाय.

एरवी बंदुकीत दारू भरायची म्हणजे त्यांचं सोवळं असायचं. पितळी मापटं भरायचं, वरून बोट फिरवून सपाट करायचं, सांडलेला कण ओल्या फडक्याने टिपायचा. कुणी जवळपास विडी काढली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. त्या सकाळी मापटं घरात खुंटीलाच राहिलं. डब्यात हात घालून त्यांनी एक मूठ नळीत सोडली, मग दुसरी, आणि जरा थांबून आणखी एक.

"मामंजी, लई हुतंय," मी म्हणाले.

"हूं दे. आवाज मोठा पायजे, गोदे. पार पल्याडच्या काठाला ऐकू गेला पायजे."

आम्ही तळ्याच्या बांधावर होतो. धुकं असं दाटलं होतं की मामंजींच्या हातातला गज दिसत होता आणि गजाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. त्या पांढऱ्या पसाऱ्यात कुठेतरी सटवा भोई होडी घेऊन फिरत होते आणि त्यांच्या होडीत नर्सबाई होत्या. आणि आमच्या मागे, बांधाखालच्या घरात, माझी नणंद अडली होती.

वन्संचं ते तिसरं पोट. आधीची दोन वाया गेली होती, आणि सासरी त्यांच्या हातचं पाणी प्यायलाही लोक तोंड वाकडं करू लागले होते. म्हणून मामंजी स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. व्याह्यांना म्हणाले, "ह्या खेपेला माझ्या डोळ्यांम्होरं हूं द्या." आदल्या संध्याकाळी कळा सुरू झाल्या. उजाडायच्या सुमाराला डोक्याऐवजी हात बाहेर आला. शेजारच्या भागामावशीने गावातली निम्मी पोरं या जगात आणली होती, पण तो इवलासा हात बघून तीही मागे सरकली.

"ह्ये माझ्याच्यानं हुणार न्हाई," ती म्हणाली. "नर्सबाईला आणा. न्हाईतर दोघं बी जात्याली."

सरकारी दवाखाना पलीकडच्या काठाला. रस्त्याने जायचं तर डोंगराला अख्खा वळसा. पाण्यातून आडवं गेलं तर भात शिजेपर्यंत माणूस पलीकडे. आमचे हे इचलकरंजीला मागावर होते. मामंजींनी सटवाकाकांना हाक मारली, आणि ते डोक्याला मुंडासं बांधतच निघाले. तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. धुकं नंतर उतरलं, आणि उतरलं ते तळ्यावरच बसलं.

पलीकडून होडी निघाल्याचं आम्हाला कळलं ते सटवाकाकांच्या आरोळीवरून. "होऽऽ" अशी त्यांची आरोळी आली. मामंजींनी उलट दिली. पण आमच्या तळ्याला तिन्ही बाजूंनी डोंगराचा कडा आहे. एका ठिकाणी ओरडलं की चार ठिकाणांहून ऐकू येतं. सटवाकाकांची आरोळी एकदा सांडव्याकडून आली, एकदा लव्हाळ्याकडून, आणि एकदा तर चक्क आमच्या पाठीमागून. आम्ही ओरडत होतो, ते ओरडत होते, आणि होडी तेलाच्या घाण्याला जुंपल्यासारखी गोल गोल फिरत होती.

मग मामंजी म्हणाले, "थोरलीला काढू. तिचा पयला दणका कुठनं आला ते सटवाला कळंल."

थोरली म्हणजे आमच्या घरातली बंदूक. घरातली म्हणायची एवढंच, ती सरकारांची, म्हणजे इथल्या जुन्या जहागीरदारांची. विलायतेहून आलेली, ठासणीची, बदकांसाठीच घडवलेली. एकट्यादुकट्या बदकासाठी नव्हे, पाण्यावर बसलेल्या अख्ख्या थव्यासाठी. उभी केली तर माझ्या डोक्याच्या वर हातभर जायची, आणि तोंडात मोठं लिंबू सहज जाईल. खांद्याला लावून उडवायची ती बंदूकच नव्हे. बांधावर दगडी चौथरा आहे, त्यात लोखंडी बेचकं रोवलेलं आहे, त्या बेचक्यात ती बसायची.

मामंजी जातीने जिनगर. वडिलांनी खोगिरं शिवली, यांनी बंदुका धरल्या. आयुष्यात शेकड्यांनी बंदुका हाताखालून गेल्या असतील, पण जीव होता तो थोरलीवर. तिचा शिसवी दस्ता वाळवीने खाल्ला तेव्हा त्यांनी नवा घडवला, आणि जुना कोणता नि नवा कोणता हे सरकारांनाही सांगता आलं नाही म्हणे. पण नळीपुढे ते स्वतः हात जोडायचे. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी, खंडेनवमीला, त्यांनी मला नळीवर तेलाचा हात फिरवायला लावला होता.

"बघ, काय दिसतंय?"

"पाण्यावर लाटा उठल्यागत दिसतंय."

"त्या लाटा न्हाईत, पट्ट्या हाईत. लोखंडाची पट्टी, पोलादाची पट्टी, दोनी तापवून पिळायच्या, वेणीगत. मग ती वेणी सळईवर गुंडाळत जायाची आन हातोड्यानं सांधत जायाची. एक सांधा कच्चा राहिला तर समदं वाया. कुणी केलं आसंल ह्ये, त्याचं नाव बी कुणाला ठावं न्हाई."

मग त्यांनी नळी दोरीने तुळईला टांगली आणि लाकडी मोगरीने हळूच ठोका दिला. देवळातली घंटा फिकी पडावी. आवाज घरभर फिरला, दारातून बाहेर गेला, आणि मी नवी नवरी तोंडाचा आ करून ऐकत राहिले. नळी शाबूत असली की अशी बोलते, ते म्हणाले. केसाएवढी चीर गेली तरी फुटक्या मडक्यागत बोलते. म्हणून शिकारीच्या वेळी प्रत्येक बारानंतर ते मोगरी मारून बघायचे. आवाज खणखणीत आला की मगच पुढचं. भोई लोक होड्या घेऊन लव्हाळ्यात थांबलेले असायचे, तेही मोगरी ऐकूनच मेलेली बदकं उचलायला निघायचे. शिकारीच्या या गोष्टी त्यांनी मला इतक्यांदा सांगितल्या होत्या की त्यातली बदकंही माझ्या ओळखीची झाली होती.

पुढे शिकार बंद झाली. सरकारांची मुलं पुण्याला गेली. थोरली आमच्याकडेच राहिली. नळीला भोक पाडून ती निकामी करा, असं हवालदार दोनदा सांगून गेला होता. मामंजी प्रत्येक वेळी हो म्हणायचे, ड्रिल काढायचे, त्याला तेल द्यायचे आणि पुन्हा पेटीत ठेवायचे.

ती थोरली आम्ही दोघांनी घराबाहेर काढली. पुढचं टोक मी धरलं, मागचं मामंजींनी. दारातून निघताना वन्संचं कण्हणं ऐकू येत होतं. आता त्यात जोरही राहिला नव्हता.

दारू भरून झाल्यावर मामंजींनी ओल्या गोणपाटाचा बोळा आत ठासला. छर्रा अर्थातच घातला नाही. गज दोन्ही हातांनी उचलून त्यांनी तो बोळा असा काही दणकावला की माझ्याच छातीत धडधडलं. मग ठिणगी पाडणारी केप बसवली.

"तू घरात जा. अनूला धरून बस," ते म्हणाले. "दचकंल ती. आवाज लई मोठा हुईल."

मी धावत घरात आले. भागामावशी पडवीत चुलीपुढे पाणी तापवत होती. वन्सं भिंतीला टेकून पडल्या होत्या, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. मी त्यांच्या मागे बसून त्यांना छातीशी धरलं, एक हात पोटावर ठेवला.

"वन्सं, आबा थोरली उडवत्यात. भिऊ नगा."

"कशाला?"

"सटवाकाकांला वाट घावावी म्हनून."

त्या हसल्यासारखं काहीतरी करायला गेल्या, आणि तेवढ्यात बार झाला.

असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि पुढेही ऐकला नाही. कौलं थरथरली, फडताळातली भांडी खाली आली, चुलीपुढे भागामावशी "आई गंऽ" करून किंचाळली. कडा तो आवाज कितीतरी वेळ इकडून तिकडे टोलवत राहिला. आणि माझ्या हाताखाली पोटात एक धक्का बसला. मग दुसरा. आतून लाथ मारल्यासारखा, स्पष्ट.

वन्संचे डोळे टक्क उघडले.

"हललं," त्या म्हणाल्या. "गोदा, हललं! कळलं का तुला?"

"कळलं. कळलं, वन्सं!"

"जित्तं हाय गं. माझं बाळ जित्तं हाय." आणि त्या रडायला लागल्या, घामाने आणि आसवांनी माझा खांदा ओला झाला. मीही रडले. रात्रभरात पहिल्यांदा आम्हाला वाटलं की हे सगळं पार पडणार. मी भागामावशीला आत ढकललं आणि हे मामंजींना सांगायला बांधाकडे पळाले.

बांधावर धुराने धुकं पिवळट झालं होतं. मामंजी चौथऱ्यावर उभे राहून कान देत होते. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

आम्ही ऐकत राहिलो. पाण्यावरून काही येत नव्हतं. मघापर्यंत सटवाकाका भरकटत का होईना, ओरडत तरी होते. आता तेही नाही. वल्ह्याचा चुबुक आवाज नाही, आरोळी नाही, नर्सबाईंचं बोलणं नाही. बार व्हायच्या आधी जे तळं माणसांच्या हाकांनी भरलेलं होतं, ते एकदम मुकं झालं.

"सटवाऽऽ!" मामंजींनी जीव खाऊन हाक मारली. कड्याने ती परत आणून दिली. बाकी काही नाही.

मी त्यांच्याजवळ गेले. "उलटली का हो होडी? आवाजानं दचकून?"

"थोरलीच्या आवाजाला सटवा दचकायचा न्हाई. आयुष्य गेलंय त्येचं." पण त्यांचा चेहरा पडला होता. काय करावं ते सुचेना, आणि काही सुचेना तेव्हा हात नेहमीचं काम करतात. त्यांनी कमरेला खोचलेली मोगरी काढली, बेचक्यात नळीखाली दोरीचा फास टाकला, नळी जराशी उचलून धरली आणि ठोका दिला.

थप्प.

ओल्या लाकडावर मारावं तसा. त्यांनी पुन्हा मारली. थप्प. मग ते वाकले आणि मागच्या बाजूने, जिथे दारू पेटते तिथून, नळीवर अंगठा फिरवत आले. वितीच्या अंतरावर अंगठा थांबला. त्या सुंदर लाटांमधल्या एका लाटेच्या कडेने काळी रेघ गेली होती आणि तिच्यातून अजून बारीक धूर येत होता.

"सांधा सुटला," ते म्हणाले. "मुठीनं भरली मी. मुठीनं."

"जाऊंद्या हो, मामंजी. माणसांचं बघा. सटवाकाका का बोलंनात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या मोगरीकडे पाहिलं, आणि चौथऱ्यावर मटकन बसले.

"तो मोगरीची वाट बघतोय," ते म्हणाले.

मला काही उमगलं नाही.

"थोरली वाजली की हलायचं न्हाई. बोलायचं न्हाई. होडी जितं आसंल तितं बांबू रोवून आडवं पडून ऱ्हायचं. मोगरी वाजली की मंगच उठायचं. ही चाल हाय हितली."

"आवो, पन शिकार कुठं चाललीया? त्येस्नी कळंना का?"

"धुक्यात काय कळनार, कोन उडवतंय आन कशावर? त्येचा धाकटा भाऊ हुता, संतू. एका साली बार झाला आन बांधावरनं कुनीतरी वरडलं, चला रं, उचला. संतू निघाला. मोगरी वाजली नव्हती. सरकारांनी दुसरी बंदूक उचलली हुती." मामंजींनी तोंडावरून हात फिरवला. "सटवानंच त्याला पान्यातनं काढला. तवापासनं मानसाच्या हाकंवर तो हलत न्हाई. मी किती बी वरडलो तरी हलायचा न्हाई. आन मीच त्याला थांबीवलं. येत हुता तो. चुकत हुता, पन येत हुता. मीच थांबीवलं."

घरातून वन्संची किंकाळी आली.

मला सांगायचं होतं, बाळ हललं, जिवंत आहे. ते शब्द ओठांवर होते. पण त्या क्षणी सांगितलं असतं तर त्यांना आनंद झाला असता की आणखी सुरी फिरली असती, मला कळेना. आणि वेळही नव्हता. मी घरातून घंगाळ आणलं आणि त्यावर वरवंटा बडवला. मग परात बडवली. नुसता भंगारवाल्याचा कालवा झाला. पाणी मुकंच राहिलं.

मामंजी उठले ते थेट अवजारांच्या खोपीत गेले आणि लोखंड कापायची करवत घेऊन आले.

"नळी धर," ते म्हणाले.

"काय करताय?"

"चिरंच्या म्होरं कापतो. म्होरला तुकडा शाबूत हाय. त्यो बोलंल."

ज्या माणसाचा भोक पाडायला हात उठत नव्हता, त्याने थोरलीच्या अंगावर करवत ठेवली. पहिल्या ओढीला पातं घसरलं आणि लाटांवर पांढरा ओरखडा उठला. त्यांनी डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले आणि कापायला लागले. मी नळीवर पालथी पडून ती दाबून धरली होती. नळी अजून गरम होती. करवतीचा आवाज दातांत जात होता. लोखंडाचा कीस माझ्या पोलक्यावर उडत होता.

किती जाड होती ती नळी! कापता कापता मामंजींचा दम सरला की मी करवत घ्यायची, माझे हात भरून आले की ते घ्यायचे. एक पातं मोडलं. ते शिव्या देत दुसरं लावायला बसले, आणि त्यांच्या बोटांना स्क्रू सापडेना. मी त्यांच्या हातातून करवत घेतली आणि पातं बसवलं.

"मामंजी, वाईच टेका."

"न्हाई. तू दाब."

मधूनच भागामावशी बांधाखालून ओरडली, "किती येळ? पोरगी गार पडाया लागलीया!" आम्ही करवत चालूच ठेवली. पलीकडे धुक्यात कुठेतरी सटवाकाका होडीत आडवे पडून कान देत असतील, हे डोळ्यांपुढे येत होतं आणि मला त्यांचा संताप येत होता, आणि संतूचा विचार आला की संताप येईनासा व्हायचा. मग संताप धुक्यावर काढायचा, सरकारांवर काढायचा. त्यांना बदकं खायची होती ना, मग दोन-चार खायची होती. थवाच्या थवा मारायला ही एवढी नळी कशाला लागते माणसाला?

शेवटी तुकडा सुटला आणि चौथऱ्यावरून गडगडत गवतात गेला. मामंजींनी तो उचलून दोरीला बांधला, बाभळीच्या फांदीवरून दोरी टाकली, मी ओढून धरली. त्यांनी मोगरी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. नाही बोलला तर, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर लिहिलेला होता.

ठोका पडला आणि नळी बोलली.

पूर्वीपेक्षा बारीक, जरा वरच्या पट्टीत, पण तीच. मी नवरी म्हणून आले तेव्हाचीच. आवाज पाण्यावरून गेला आणि कड्यालाही त्याची नक्कल जमली नाही. मामंजी ठोके देत राहिले.

"आलोऽऽ!"

इतक्या जवळून आलं ते की मी दचकून दोरी सोडणार होते. होडी समोरच्या लव्हाळ्याच्या मागेच होती. बांधावरून खडा टाकला असता तर होडीत पडला असता. एवढा वेळ ती तिथे होती. चुबुक चुबुक आवाज आला आणि धुक्यातून आधी बांबू, मग सटवाकाका, मग नर्सबाई दिसल्या. सलोमीबाई त्यांचं नाव, मिशनमध्ये शिकलेल्या, धिप्पाड, पिकल्या केसांच्या. त्यांचं पांढरं पातळ एका बाजूने चिखलाने भरलं होतं.

"ह्या माणसाने मला होडीत पालथं पाडून ठेवलं!" त्या काठाला लागायच्या आधीच कडाडल्या. "तुमचा आवाज ऐकू येत होता मला! मी रडले, शिव्या दिल्या, तरी हलेना. म्हणे मोगरी वाजल्याशिवाय नाही."

सटवाकाका खाली मान घालून उभे होते. "तुमी माज्या होडीत हुता, बाई," ते म्हणाले. "तुमास्नी काय झालं आसतं मंजी?" मग मामंजींना म्हणाले, "आबा, थोरलीचा आवाज बारीक का झालाय?"

मामंजींनी मोगरी खाली ठेवली. नर्सबाईंनी बाभळीला टांगलेला कापलेला तुकडा पाहिला, करवत पाहिली, माझं कीस उडालेलं पोलकं पाहिलं. मग मामंजींचा चेहरा पाहिला. पिशवी उचलून तरातरा घराकडे गेल्या.

त्या आत असेपर्यंत दोघे म्हातारे पडवीच्या पायरीवर बसले होते. मामंजींनी सटवाकाकांना तेवढ्यात काय ते सांगितलं असावं, कारण मी पाणी न्यायला बाहेर आले तेव्हा सटवाकाका गुडघ्यात डोकं घालून बसले होते. आत नर्सबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले आणि बाळ फिरवलं. वन्संनी माझं मनगट असं धरलं होतं की पुढे कित्येक दिवस तिथे काळंनिळं राहिलं. बाळ निघालं. मुलगा होता. नर्सबाईंनी त्याला उलटं धरलं, पाठीवर मारलं, तोंडात तोंड घालून फुंकर मारली, पुन्हा पुन्हा मारली. मग थांबल्या. त्याला फडक्यात गुंडाळून त्यांनी भागामावशीकडे दिलं आणि वन्संचं रक्त थांबवायला लागल्या. रक्त थांबलं. वन्सं वाचल्या.

आता त्यातलं माझ्याशिवाय कुणीच उरलेलं नाही, म्हणून हे सांगते. नळीचा तो तुकडा आमच्या शाळेत टांगलेला आहे. मुलं त्याच्यावर शाळा भरते आणि सुटते एवढंच जाणतात, आणि तेवढंच पुरे आहे.

नर्सबाई हात पुसत पडवीत आल्या. मामंजी उठून उभे राहिले. त्यांच्या बोटांच्या पेरांत लोखंडाचा कीस रुतून रक्त आलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "तुमी येळंवर आला आसता तर..."

"नाही." नर्सबाईंनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "बाळ रात्रीच गेलेलं होतं, आबा. मी उजाडता आले असते तरी काही झालं नसतं. पोरगी मात्र तुमच्यामुळे वाचली. अजून थोडा उशीर झाला असता तर तीही गेली असती."

मामंजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. सटवाकाकांनी गुडघ्यातून डोकं वर काढलं होतं. दोघांनाही विश्वास ठेवायचा होता आणि दोघांचंही धाडस होत नव्हतं. मग मामंजी वाकून दारातून आत आले. मी वन्संच्या उशाशी बसले होते.

"अनू," ते म्हणाले. खाली बसले. "अनू, बाई म्हनत्यात, रातीच... तुला काय कळलं हुतं का गं? हालत हुतं का सकाळी?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघणं मला सहन होत नव्हतं, तरी मी नजर हलवली नाही. मग त्यांनी वडिलांकडे मान वळवली.

"न्हाई, आबा," त्या म्हणाल्या. "रातीपासनं हललंच न्हाई. मला कळलं हुतं. तुमास्नी कसं सांगू म्हनून गप ऱ्हायले."

मामंजींनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि कितीतरी वेळाने श्वास सोडला. मग डोळे पुसत ते बाहेर गेले. दाराबाहेर त्यांचा आवाज ऐकू आला, "सटवा, ऐकलंस का रं? रातीच गेलं हुतं."

गोधडीखाली वन्संनी माझा हात शोधला, ओढून घेतला आणि सकाळी होता तिथेच, पोटावर, ठेवला. मी तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.